आकडेबाईंची उचकी

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पत्र्याचं गॅरेज आहे. त्यात मोटार कधी उभी राहिली नाही, कारण त्या घरात मोटार कधी आलीच नाही. तिथे आकडेबाईंचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर काच फिरवायचा एक लेथ, गॅसचा बर्नर, नळ्यांमधली हवा खेचणारा धापा टाकणारा पंप, तापलेली काच सावकाश निववणारी भट्टी, आणि भट्टीशेजारी खुर्ची टाकून गुडघे शेकत बसलेल्या त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली आजी म्हणते. पंपाला तेल लागतं, आजींना चहा लागतो. दोघांनाही वेळेवर मिळालं नाही तर सारखाच आवाज येतो.

आकडेबाई दिव्याचे आकडे बनवतात. मनगटाएवढी जाड काचेची नळी, आत शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे एकामागे एक उभे, बारीक पत्र्यातून कापलेले. वीज ज्याला मिळेल तो आकडा निखाऱ्यासारखा नारिंगी पेटतो, बाकीचे त्याच्या मागेपुढे गुपचूप उभे राहतात. पूर्वी मोजमापाच्या यंत्रांत अशा नळ्या असायच्या. मग चपटे, स्वस्त आकडे आले आणि नळ्यांचे कारखाने बंद पडले. पण घरात जुन्या उजेडाचं घड्याळ हवं, असं वाटणारी माणसं असतातच, आणि ती फिरत फिरत या पत्र्याच्या दारापर्यंत येतात.

तरुणपणी बाई दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या करणाऱ्याकडे कामाला होत्या. काच वाकवून तिची अक्षरं करायची. पाट्यांचे दिवस सरले, मालकाने गाशा गुंडाळला आणि जाताना लेथ नि पंप बाईंच्या गळ्यात मारला. एका मोडक्या यंत्रात त्यांनी अशी नळी पाहिली आणि म्हणाल्या, "हे मला जमेल." जमायला बरीच वर्षं गेली. आत हवा शिरली की नारिंगीऐवजी जांभळा उजेड पडतो. सुरुवातीच्या सगळ्या नळ्या जांभळ्याच निघाल्या. त्यांचा नवरा तेव्हा सांत्वन म्हणून म्हणाला, "रंग मात्र सुरेख आलाय हं." त्या दिवशी त्याला जेवण स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागलं.

नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा. जन्मभर खड्ड्यांत वाकून, चिखलातल्या काचेआडचे आकडे वाचल्यामुळे त्याची नजर तयार झालेली. नळी पेटली की तो डोळे बारीक करून बघतो आणि सांगतो, "सात जरा कलंडलाय." नोकरीतून सुटल्यावर तरी आकड्यांपासून सुटका होईल असं त्याला वाटलं होतं.

तर अशा या घरात एक दिवस घड्याळवाला आला. बारीक अंगाचा, सतत हात चोळणारा माणूस. सार्वजनिक वाचनालयाच्या मोठ्या दालनात नळ्यांचं जुनं घड्याळ होतं, ते कधीचं विझलं होतं. दालनाला नवा रंग दिला होता आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा उघडायचं होतं. घड्याळ दुरुस्त करण्याचं काम याने अंगावर घेतलं होतं, आणि त्याला सहा नळ्या हव्या होत्या.

"घाई आहे असं काही नाही," तो म्हणाला, "पण नाही झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"होतील," बाई म्हणाल्या. आकडे कापून तयार होते, नळीच्या बैठका तयार होत्या. फक्त काच चढवायची, हवा खेचायची, निऑन वायू भरायचा आणि टोक बंद करायचं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच नळीवर घोटाळा झाला.

काच चढवताना ती लेथवर गरगर फिरत असते. बाईंच्या तोंडात एक रबरी नळी, तिचं दुसरं टोक काचेच्या पोटात. ज्योतीवर काच मऊ झाली की हलकीच फुंकर घालायची, चहा निववतो त्याहूनही हलकी. काच मऊ झाली, बाईंनी गाल भरले, आणि तेवढ्यात "हिक्!"

उचकी म्हणजे उलटी फुंकर. काच फुगायच्या ऐवजी आत ओढली गेली आणि तिला खळी पडली. गोबऱ्या गालावर शोभावी अशी छान खळी. पण तिच्यातून मागचा आठ तिरळा दिसायला लागला.

बाईंनी ती नळी बाजूला ठेवली, घोटभर पाणी प्यायलं आणि दुसरी काच चढवली. "हिक्!" दुसरी खळी. तिसऱ्या काचेला दोन्ही बाजूंना पडल्या.

भट्टीपाशी बसलेल्या आजींनी डोळे न उघडता निदान केलं. "कोणीतरी आठवण काढतंय."

"माझी कोण... हिक्... काढतंय आता?"

"नावं घे एकेकाची. बरोबर नाव आलं की थांबेल."

बाईंचा यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी आधी बाकीचे उपाय केले. साखर खाल्ली. श्वास कोंडून धरला, तोंड लालबुंद झालं आणि मग साठलेल्या तीन उचक्या एकदम आल्या. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून आम्ही पेल्याच्या पलीकडच्या काठाने पाणी प्यायचा सल्ला दिला; ते पाणी नाकात गेलं. डॉक्टरांनी तपासून "उचकी आहे" असं सांगितलं, जे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एक गोळी दिली. गोळीने गाढ झोप आली. बाई झोपेतही उचकत होत्या, आणि मीटरवाला नवरा मात्र टक्क जागा होता.

त्याने मग दचकवायचं ठरवलं. भट्टीमागे दबा धरून बसला, आणि बाई लेथपाशी वाकल्या तशी त्याने पत्र्याच्या डब्यावर दणकन पळी हाणली. बाईंचं अर्धं आयुष्य काचा फुटताना ऐकण्यात गेलेलं. त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. दचकल्या त्या आजी. त्यांच्या हातातला चहा भट्टीवर सांडला, भट्टी फुसफुसली, तिचा फ्यूज उडाला आणि आत निवत ठेवलेल्या दोन जुन्या नळ्या तडकल्या.

"झालं समाधान?" आजी म्हणाल्या. "आता तरी नावं घे."

बाईंनी हात टेकले आणि सुरुवात केली. माहेरची मावशी. हिक्. धाकटा भाऊ. हिक्. शाळेतली ती मैत्रीण, जी हिची पेन्सिल घेऊन गेली आणि परत आलीच नाही. हिक्. पाट्यांचा जुना मालक, गॅसची टाकी आणून देणारा, गल्लीतले शिंपी, डॉक्टर. हिक्, हिक्, हिक्. ज्यांना फोन करता येईल त्यांना मीटरवाल्याने फोनही केले. भाऊ म्हणाला, "नाही बुवा, मी नाही काढली. काढायला हवी होती का?" आणि त्या दिवसापासून तो मनात काहीतरी धरून बसला आहे.

"एक नाव राहिलं," आजी म्हणाल्या.

मीटरवाला बर्नरच्या ज्योतीकडे असा बघू लागला, जणू ती त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"ते मी घेणार... हिक्... नाही," बाई म्हणाल्या.

ते राहिलेलं नाव होतं थोरल्या जाऊबाईंचं. जाऊबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. गळ्यात शिट्टी, पाठ ताठ, आणि वेळेच्या इतक्या पक्क्या की शाळेची घंटा त्यांच्या चालण्यावर लावावी. त्यांनी नवीन घर घेतलं तेव्हा आकडेबाईंनी स्वतः केलेलं नळ्यांचं घड्याळ भेट दिलं. बरीच वर्षं ते नीट चाललं. मग जाऊबाई निवृत्त झाल्या, आणि शाळेच्या मोठ्या बाईंना नि सगळ्या सहकाऱ्यांना त्यांनी एक वाजता घरी जेवायला बोलावलं. नेमक्या त्याच दिवशी तासाच्या नळीतला दोन विझला. बारा वाजले तेव्हा घड्याळात नुसता एक पेटला आणि त्याच्या शेजारी अंधार.

जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, घड्याळात पाहिलं, तर एक. पाहुण्यांचा पत्ता नाही. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्यांचा पारा चढला. त्यांनी थेट मोठ्या बाईंना फोन लावला. "इतकी वर्षं मुलांना वेळेची किंमत शिकवली आपण," असं सुरू करून, जे जे नोकरीत बोलता आलं नव्हतं ते सगळं बोलून टाकलं. मोठ्या बाई त्या वेळी घरी वेणीफणी करत होत्या. जेवण झालं, पण ते शोकसभेला बसल्यासारखं झालं. घड्याळात बारा वाजले नव्हते, ते जाऊबाईंच्या तोंडावर वाजले.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ टॉवेलात गुंडाळून परत आलं. सोबत निरोप होता, "आकडे जमत नसतील तर करू नयेत." तेव्हापासून दोन जावांचं बोलणं बंद. आजी कधी या घरी तर कधी त्या घरी राहत, आणि दोन्ही घरी दुसऱ्या सुनेचं कौतुक करून दोन्हीकडे चहा जरा फिका पीत.

आकडेबाई ते नाव घेणार नव्हत्या. पण मीटरवाल्याने चोरून दादाला, म्हणजे मोठ्या भावाला, फोन केला. हे दोघे भाऊ बायकांच्या अबोल्यात रोज बागेतल्या बाकावर भेटत आणि घरी फिरायला गेलो होतो असं सांगत. दादाने बायकोला हळूच विचारलं, "तू धाकटीची आठवण वगैरे काढतेस का गं?"

अर्ध्या तासात जाऊबाई गॅरेजच्या दारात.

"कोण म्हणतं मी हिची आठवण काढते?" त्यांनी मैदानावरच्या आवाजात विचारलं. पंपसुद्धा क्षणभर दबला. "चार वर्षांत एकदाही काढलेली नाही. शपथेवर सांगते."

"मी कुठे... हिक्... म्हटलं?"

"मग आमच्याकडे फोन कसा आला?"

मीटरवाला भट्टीचा फ्यूज पाहण्यात गढून गेला.

जाऊबाई परत फिरणार, तेवढ्यात त्यांना फळीवरच्या नळ्या दिसल्या. "हे काय? सगळ्यांना खळ्या?"

"फुंकरच घालता... हिक्... येत नाही."

त्याच वेळी घड्याळवाला हात चोळत आत आला. रांगेतल्या खळ्या पाहून तो मटकन स्टुलावर बसला. "काळजीचं काही नाही," तो म्हणाला. "मी गाव सोडून जाईन."

तेव्हा आजींनी डोळे उघडले. "अगं, हिचे हात ठीक आहेत. श्वास बिघडलाय. मग श्वास दुसऱ्याचा घ्या."

मीटरवाल्याने लगेच रबरी नळी तोंडात धरली. खड्ड्यातल्या मीटरवरची धूळ उडवायची त्याला सवय. त्याने तशीच फुंकर घातली आणि काचेचा साबणाच्या फुग्यासारखा पातळ गोळा होऊन सगळ्यांच्या अंगावर उडाला. घड्याळवाल्याने प्रयत्न केला, पण त्याची फुंकर काचेपर्यंत पोचण्याआधीच माघारी फिरत होती. आजी म्हणाल्या, माझ्याकडे बघू नका, माझा मला पुरत नाही.

मग सगळे जाऊबाईंकडे बघायला लागले. जन्मभर शिट्टी वाजवलेली बाई. लांब, आखूड, हलकी, जोराची, हवी तशी फुंकर.

"मी?" जाऊबाई म्हणाल्या. "हिच्या हाताखाली?"

"वाचनालयासाठी आहे हो," घड्याळवाला काकुळतीने म्हणाला.

"वाचनालयासाठी करीन. हिच्यासाठी नाही." त्यांनी पदर खोचला, नळीचं टोक स्वच्छ पुसलं, परत पुसलं, आणि तोंडात धरलं.

आकडेबाईंनी ज्योत लावली. काच फिरू लागली, लाल झाली, मऊ झाली. "आता. हळू. हिक्. थांबा. अजून थोडं. हिक्... अहो, उचकी म्हणजे फुंका नव्हे!" पहिली नळी वाकडी झाली. दुसरी बरी झाली. तिसरी अशी सुबक उतरली की मीटरवाल्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि त्याला बोलायला काही सापडलं नाही.

आणि मग आकडेबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. जाऊबाईंच्या तोंडात नळी होती. त्या बोलू शकत नव्हत्या.

लग्न झाल्यापासून असा योग कधी आला नव्हता.

"बरं झालं विषय निघाला," बाई म्हणाल्या. विषय कोणी काढलेला नव्हता. "त्या दोनच्या आकड्याचं... हिक्... सांगते तुम्हाला. हळू फुंका. तो आपोआप नाही विझला."

जाऊबाईंच्या भुवया वर गेल्या.

"घड्याळ रोज... हिक्... पुसत होता तुम्ही. मला सगळं माहीत आहे. खसाखसा. शाळेतले जिंकलेले कप पुसल्यासारखं."

काचेच्या पोटाला एकाएकी टेंगूळ आलं.

"राग काचेवर नको! थांबा. हं, आता हलकं. मागची पिन बारीक असते, ओढून पुसलं की हलते. आणि घड्याळ परत पाठवलंत ते पाठवलंत, पण टॉवेल? मी तुम्हाला दिलेला टॉवेल? त्यातच गुंडाळून? तुम्हाला काय वाटलं, मला कळणार नाही?"

जाऊबाईंचे डोळे मोठे झाले, मान लाल झाली, पण फुंकर मात्र तोंडातून रेशमासारखी गेली. ज्योतीपाशी वाकलेल्या बाईंना काच हवी तशी मिळत होती, आणि त्या बोलत सुटल्या होत्या. लग्नातली बसायची जागा, आजींच्या चष्म्याचा प्रसंग, दादांच्या वाढदिवसाला कोणाला आधी बोलावलं. एक नळी संपली, दुसरी चढली, आणि तोंडाचा पट्टा चालूच.

मध्येच त्या थबकल्या. एवढं लांबलचक बोलून झालं होतं आणि उचकी एकदाही आली नव्हती. कधी थांबली कोणास ठाऊक.

त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. गाल फुगलेले, डोळे काचेवर खिळलेले, केसांची एक बट कपाळावर आलेली. चार वर्षांत ही बाई या दारातून आत आली नव्हती. उचकी थांबली हे कळलं तर नळी खाली ठेवील आणि निघून जाईल.

"हिक्," आकडेबाई म्हणाल्या.

भट्टीपाशी आजींनी एक डोळा उघडला. "ही जरा कोरडी वाटली," त्या पुटपुटल्या आणि डोळा मिटून घेतला.

सहावी नळी उतरली. पंपाने हवा खेचली, बाईंनी निऑन भरला, टोक ज्योतीवर बंद केलं. मीटरवाल्याने वीज जोडली, आणि सगळे आकडे एकापाठोपाठ एक नारिंगी पेटत गेले. घड्याळवाला रडायच्या बेतात होता, पण "डोळ्यात काहीतरी गेलंय," असं सांगून तो नळ्या कापसात घालून घेऊन गेला.

जाऊबाईंनी तोंडातली नळी काढली. आता भडका उडणार म्हणून मीटरवाला दाराकडे सरकला. जाऊबाईंनी ओठ पुसले, जबडा हलवून पाहिला, आणि म्हणाल्या, "कोरड्या फडक्याने पुसायचे."

"हिक्," बाई म्हणाल्या.

"पण ओढून पुसत असेन. हात जरा जड आहे माझा."

"पिन मीसुद्धा जाडच लावायला... हिक्... हवी होती."

"आणि तो टॉवेल मुद्दामच होता," जाऊबाई म्हणाल्या. "तेवढं खरं आहे."

यावर आकडेबाई एकदम हसल्या, आणि जाऊबाईंनाही हसू फुटलं. मीटरवाल्याला नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण चहा ठेवायची हीच वेळ आहे एवढं त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई पुन्हा दारात हजर.

"उचकी आहे का अजून?"

"आहे की. हिक्."

"बरं. मग दे ती नळी."

असं पुष्कळ दिवस चाललं. मीटरवाल्याने एकदा बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्या उचक्या अगदी सारख्या अंतराने पडतात, बिघडलेल्या मीटरसारख्या, वहिनींच्या लक्षात येईल. बाई म्हणाल्या, "त्यांच्या लक्षात केव्हाच आलंय. तुम्ही गप्प बसा." पुढे बाई कधी कधी उचकी द्यायला विसरायच्या, आणि जाऊबाई तिची वाट न बघता नळी उचलायच्या. मग तो विषय कोणीच काढेनासं झालं.

वाचनालयाचं घड्याळ सुरू झालं आणि ते बघून आणखी लोक यायला लागले. आता जाऊबाईंना ज्योतीवर स्वतः काच धरून बघायची आहे, आणि आकडेबाई ती त्यांच्या हातात देत नाहीत. त्यावरून रोज वाजतं. जाऊबाईंनी गॅरेजमधल्या हत्यारांच्या जागा ठरवून भिंतीवर त्यांचे आकार रंगवले आहेत. आकडेबाई मुद्दाम चिमटा पकडीच्या जागी टांगतात. आजींना आता घर बदलावं लागत नाही. दोन्ही सुना एकाच ठिकाणी, समोर, भांडताना बघायला मिळतात.

हाल झाले ते दोन भावांचे. बागेतला बाक बंद झाला, कारण बायकांना चुकवायचं कारणच उरलं नाही. दुपारभर दोघी गॅरेजमध्ये, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक दोघा भावांच्या गळ्यात पडला. परवा दादाने बटाटे शिजत टाकले आणि किती वेळ ठेवायचे ते विचारायला गॅरेजमध्ये फोन लावला. मीटरवाला शेजारी झारा घेऊन उभा होता.

पलीकडून दोन आवाज एकदम आले. एक म्हणाला, आत्ता उतरवा. दुसरा म्हणाला, अजिबात हात लावू नका.

दादाने फोन ठेवला आणि भावाकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या?"

"दोघी म्हणाल्या," दादा म्हणाला, आणि दोघा भावांनी अर्धे बटाटे बाहेर काढले, अर्धे आतच ठेवले.